अंगण, ओटी आणि काँक्रीट : चार्ल्स कोरिया यांची घरे आणि आपली घरे

आगमन शताब्दीच्या या स्मरणिकेत बोटींविषयी, गिरमिटाविषयी, ऊसमळ्यांविषयी आणि आपल्या देवळांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. आम्ही प्राथमिक शाळेत शिकवतो, इतिहासाचे संशोधक नाही. म्हणून आमच्या आवाक्यातला विषय घेतला आहे, तो म्हणजे घर. आपले पूर्वज कसल्या घरातून निघाले, कसल्या घरात येऊन राहिले आणि आज आपण कसल्या घरात राहतो, हाही इतिहासच आहे. तो समजून घेताना आम्हाला एका वास्तुविशारदाच्या कामाचा फार उपयोग झाला. त्यांचे नाव चार्ल्स कोरिया.

विषय सुचला तो असा. आमचा जन्म मॉरिशसच्या मराठी घरातला. लग्नानंतर ओमानला आलो आणि गेली पंचवीस वर्षे मस्कतमध्येच आहोत. सुट्टीच्या दिवशी काही मुलांना मराठी शिकवतो. एकदा ‘अंगण’ हा शब्द आला. मुलांना म्हटले, आपल्या घराचे चित्र काढा. बहुतेकांनी पेटीसारखी उंच इमारत काढली, ओळीने खिडक्या आणि प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा. एकाही चित्रात घराबाहेर बसलेले माणूस नव्हते. एका मुलाने विचारले, “बाई, अंगण म्हणजे पार्किंग का?” सगळी मुले हसली. आम्हीही हसलो, पण मनात ते राहून गेले.

त्याच महिन्यात मॉरिशसहून धाकट्या भावाने जुन्या घराच्या जागी बांधायच्या नव्या घराचा नकाशा पाठवला. दोन मजले, चार खोल्या, मोटार ठेवायला जागा. तुळशीवृंदावन होते ते अंगण मात्र नकाशात नव्हते. त्यावर स्लॅब आली होती. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तू तिकडे राहतेस. उन्हापावसात आम्हाला राहायचे आहे.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. उत्तर आमच्याकडे नव्हते. ते शोधताना कोरियांच्या घरांपर्यंत पोचलो.

कुडाच्या घरापासून कॅम्पापर्यंत

मॉरिशसला गेलेले मराठी लोक बहुतेक कोकणातले, रत्नागिरी-सावंतवाडीकडचे. मुंबई बंदरातून बोटीवर चढले आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. १८४९ साली उभारलेली ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून जगाला माहीत आहे आणि २००६ साली ती जागतिक वारसा यादीत आली. कोकणात गरिबाचे घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवत किंवा कौले, पुढे ओटी, बाजूला पडवी, समोर अंगण, मागे परसू. घर लहान असले तरी राहण्याची जागा मोठी होती, कारण निम्मे जगणे भिंतींच्या बाहेरच होते. भात वाळवणे, मासळी सुकवणे, जाते, गप्पा, भजन, बारसे, लग्न, सगळे अंगणात किंवा ओटीवर. लग्न आले की अंगणात झावळ्यांचा मांडव पडला आणि घर चौपट झाले.

ऊसमळ्यावर त्यांना मिळाला तो कॅम्प. ओळीने लहान झोपड्या किंवा खोल्या, एकेका खोलीत एक कुटुंब. तिथेही आपल्या बायकांनी जमीन शेणामातीने सारवली, दारात तुळस लावली आणि दोन हात का होईना, पण अंगण केले. पुढे मळ्याबाहेर जमिनीचा तुकडा घेता आला, तेव्हा उसाच्या पाचटाने शाकारलेली घरे उभी राहिली आणि त्यांना पुन्हा पडवी आली.

ती घरे का गेली हेही सांगितले पाहिजे. १९६० साली जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल अशी दोन चक्रीवादळे मॉरिशसवर आली. कॅरोलने तर शाकारलेली घरे झोडपून काढली आणि हजारो माणसे उघड्यावर पडली. त्यानंतर लोकांनी आणि सरकारने काँक्रीटची कास धरली. सपाट स्लॅब, जाड भिंती, घट्ट बंद होणाऱ्या खिडक्या. वादळाच्या रात्री भिंतीला पाठ लावून बसलेल्या आमच्या आईला काँक्रीट म्हणजे देवाचा हात वाटत असे. तेव्हा जुने ते सोने, असे म्हणून चालणार नाही. शेणाने सारवण्याचे काम कोण करत होते, तेही आठवावे. आजीला कोणी विचारले असते, तर तिने आधी फरशी मागितली असती.

मग प्रश्न उरतो तो असा. वादळात टिकणारे पक्के घर आणि उन्हाळ्यात जगू देणारी ओटी-अंगण, ही दोन्ही एकाच घरात मिळतील का? कोरियांनी आयुष्यभर जवळजवळ याच प्रश्नावर काम केले.

ओमानने शिकवलेले दोन धडे

कोरियांकडे जाण्याआधी आम्ही राहतो तिथले सांगतो, कारण त्यांची घरे आम्हाला उमगली ती इथली जुनी घरे पाहिल्यामुळे.

ओमानमध्ये उष्णता दोन प्रकारची आहे. आत डोंगराकडे, निझवा किंवा अल हमराकडे गेले की हवा कोरडी. तिथली जुनी घरे मातीच्या विटांची, हातभराहून जाड भिंतींची, बाहेरच्या बाजूला लहान खिडक्यांची. दिवसा ऊन भिंतीतच अडते आणि रात्री माणसे गच्चीवर झोपतात. गल्ल्या अरुंद, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्या घराला. शेजारून फलजचे पाणी वाहते. डोंगरातून किंवा जमिनीखालून उताराने पाणी आणणाऱ्या या पाटांपैकी पाच २००६ मध्येच जागतिक वारसा यादीत आले, आपल्या आप्रवासी घाटाच्याच वर्षी.

समुद्रकाठी, अल बातिना किनाऱ्यावर, हवा दमट. तिथे जाड भिंत कामाची नाही, वारा हवा. म्हणून तिथे खजुरीच्या झावळ्यांची घरे असत. त्यांना बरस्ती म्हणतात. भिंतीतूनच वारा आरपार जातो. पहिल्यांदा बरस्ती पाहिली तेव्हा आम्हाला कोकणातला कूड आणि झाप आठवले. मत्राह बंदरात तर बैत अल बरंदा नावाचे जुने घर आज संग्रहालय आहे. नावाचा अर्थ व्हरांड्याचे घर. गुजराती, कच्छी, सिंधी व्यापारी शतकानुशतके या बंदरात ये-जा करत होते, भारतातून सागवान येत होते आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून खारफुटीचे वासे. त्या वाशांची लांबी बेताची, म्हणून खोलीची रुंदीही बेताची.

१९७० पर्यंत सगळ्या ओमानमध्ये तीनच शाळा होत्या. सुलतान काबूस यांच्या काळात देश झपाट्याने बदलला. रस्ते, दवाखाने, शाळा आणि काँक्रीटची घरे आली. मस्कतचा अल आलम राजवाडा मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधला. हजारो भारतीय गवंडी, सुतार, फिटर इकडे आले. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ आले तेव्हा पक्क्या घरांचे मोल मस्कतलाही कळले. पण पक्के घर म्हणजे बंद घर, असेही समीकरण होऊन बसले. वीज गेली की तासाभरात आमच्या फ्लॅटमध्ये बसवत नाही. दोनशे पावलांवर समुद्राचा वारा असतो आणि घरात येण्याची वाट त्याला ठेवलेलीच नाही.

सिकंदराबादचा मुलगा

चार्ल्स कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादला झाला. घराणे मूळ गोव्याचे. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड होते. रूळ कसे टाकायचे याचे नकाशे काढता काढता आराखडे काढण्याची गोडी लागली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि पुढे एमआयटीत गेले. १९५५ साली तिथल्या पदवीसाठी त्यांनी इमारत न करता एक चित्रफीत केली. विषय होता, वस्तीतले लोक एकत्र येऊन आपली वस्ती कशी सुधारू शकतात. पंचवीस वर्षांच्या मुलाला इमारतीच्याही आधी शेजार सुचला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तो काळही समजून घ्यावा. उष्ण प्रदेशात घरे कशी बांधावीत, या विषयावर तेव्हा युरोपात पुस्तके निघत होती. १९५६ साली मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांचे उष्ण-दमट प्रदेशातल्या वास्तूंवरचे पुस्तक आले. नाझींच्या जर्मनीतून बाहेर पडून म्हैसूर संस्थानात काम केलेले ओटो कोनिग्सबर्गर लंडनला हाच विषय शिकवत होते. या लोकांनी चांगले काम केले. पण उष्ण प्रदेश त्यांना सोडवायचे गणित होते. कोरियांसाठी तो लहानपणापासूनचा प्रदेश होता. आपल्या कोकणातलाही एक मोठा माणूस या पिढीच्या थोडा पुढे होता. आचऱ्याचे अच्युत कानविंदे (१९१६–२००२) हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकून आले आणि देशभर संस्थांच्या इमारती बांधल्या. घराच्या प्रश्नाचा पाठपुरावा मात्र सर्वांत चिकाटीने कोरियांनी केला.

१९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले. पहिल्याच वर्षी साबरमतीच्या आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय हाती आले आणि १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सहा मीटर लांब-रुंद चौक, विटांचे खांब, कौलांची उतरती छपरे, काचेऐवजी लाकडी झडपा. काही चौक छपराचे, काही उघडे, मध्ये पाणी. पुढे गरज पडली तर आणखी चौक जोडता यावेत अशी योजना. बापूंच्या पत्रांना आणि चित्रांना घर हवे होते, ते आश्रमाच्या घरांना शोभेल असे त्यांनी दिले.

अहमदाबादची कोरडी उष्णता

साठच्या दशकात गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरांची अखिल भारतीय स्पर्धा घेतली. कोरियांच्या ‘ट्यूब हाऊस’ला पहिले बक्षीस मिळाले आणि १९६१–६२ मध्ये नमुन्याचे घर बांधले गेले. नावाप्रमाणे ते नळीसारखे होते, सुमारे १८ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद. ओळीने लागून घरे, म्हणजे बाजूच्या भिंतींना ऊन नाही. छप्पर आतून उतरते. तापलेली हवा त्या उताराने वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर जाते. तिची जागा घ्यायला दाराजवळच्या झडपांतून खालची गार हवा आत येते. यंत्र नाही, विजेचे बिल नाही. झडपा किती उघडायच्या ते घरातली माणसे ठरवणार.

मुलांना हे शिकवायचे तर उदबत्ती पुरते. खोलीच्या खालच्या बाजूला उदबत्ती लावा, वरची खिडकी उघडा आणि धूर कुठे जातो ते बघा. चुलीवरचे धुराडे आमच्या आजीला ठाऊक होतेच. कोरियांनी सगळ्या घराचेच धुराडे केले.

१९६६ ते १९६८ मध्ये अहमदाबादलाच त्यांनी पारेख कुटुंबाचे घर बांधले. त्यात दोन घरे एकमेकांना जोडलेली आहेत असे म्हणता येईल. एक भाग उन्हाळ्याचा. तो खाली रुंद, वर निमुळता, म्हणजे ऊन कमीत कमी आत यावे. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे बसायचे. दुसरा भाग हिवाळ्याचा, वर उघडणारा, आकाशाकडे तोंड केलेला. थंडीत आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथे. माणसाने घरातच ऋतूप्रमाणे जागा बदलायची. निझव्याचे लोक दिवसा जाड भिंतीआड आणि रात्री गच्चीवर राहत, तसेच हे. कोकणातली आजी सकाळी ओटीवर, दुपारी माजघरात आणि संध्याकाळी अंगणात बसे, तेही हेच. घर कशासाठी आहे याबरोबर, दिवसाच्या कोणत्या वेळी त्यात कुठे बसायचे, हे त्यांनी आखून दाखवले. आकार हवामानाच्या मागून येतो, असे ते म्हणत.

मुंबईची दमट उष्णता : आकाशातली ओटी

मुंबईची हवा वेगळी. तिथे अडचण वेगळ्याच जातीची. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून घराचे तोंड पश्चिमेला हवे. पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय केला होता, तो म्हणजे घराभोवती व्हरांडा. वारा आत येतो, ऊन आणि झड व्हरांड्यात अडते. प्रश्न होता तो हा की, जमीन महाग झाली आणि घरे आकाशात गेली, तेव्हा व्हरांडा कुठे न्यायचा?

कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत कोरियांनी त्याचे उत्तर दिले. १९७० साली काम सुरू झाले आणि १९८३ साली पूर्ण झाले. अठ्ठावीस मजले, सुमारे ८४ मीटर उंची आणि फक्त ३२ घरे. प्रवीणा मेहता त्यांच्या सहकारी होत्या आणि अभियंते होते शिरीष पटेल. इमारतीच्या चारही कोपऱ्यांत दोन मजले उंच अशा मोकळ्या जागा कोरून काढल्यासारख्या दिसतात. प्रत्येक घराला अशी एक, म्हणजे हवेतली ओटीच. घराच्या खोल्या त्या ओटीमागे, सावलीत. लांबून पाहिले तर सरळ काँक्रीटचा खांब. जवळून पाहिले तर त्यात घराघराची पडवी.

आमच्या भावाला द्यायचे उत्तर आम्हाला इथे दिसले. काँक्रीट आणि ओटी एकमेकांचे वैरी नाहीत. वादळाशी झुंजायला काँक्रीट हवे, आणि त्याच काँक्रीटला ओटी करता येते.

पण प्रामाणिकपणे बोलायचे तर कांचनजंगा श्रीमंतांची इमारत. आपल्या खापरपणज्यांच्या वाट्याला असले घर आले नसते. मग गरिबासाठी कोरियांनी काय केले?

बेलापूर : कामगाराचे अंगण

त्यांनी ते आधी रस्त्यावर पाहिले. मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावर दिवसा फेरीवाले बसतात आणि रात्री त्याच फुटपाथवर माणसे झोपतात. तिथे उंचवट्याचे ओटे बांधावेत, दिवसा विक्रेत्यांनी बसावे, संध्याकाळी ते धुऊन काढावेत आणि रात्री लोकांनी झोपावे, अशी योजना त्यांनी मांडली. मोठ्या वास्तुविशारदाने फुटपाथवर झोपणाऱ्या माणसासाठी ओटा आखावा, ही साधी गोष्ट नाही.

१९६४ साली प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाले आणि सुरुवातीच्या वर्षांत कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. त्याच नव्या मुंबईत १९८३ ते १९८६ मध्ये त्यांनी बेलापूरची वसाहत उभारली.

तिची रचना मुलांनाही समजेल अशी आहे. सात घरे एका लहान चौकाभोवती. तो चौक सुमारे आठ मीटर लांब-रुंद. असे तीन चौक मिळून एकवीस घरे, त्यांच्या मध्ये सुमारे बारा मीटरचा मोठा चौक. अशाच गटांमधून पुढे वस्ती वाढत जाते. घराचे भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्यापैकी मिळवणाऱ्याच्या जागेत फार तफावत नाही. दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणून हातात पैसे आले की शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता येते. साध्या विटा, चुना, कौले. गावच्या गवंड्याला बांधता येईल असे काम. एवढे असूनही एका हेक्टरवर सुमारे पाचशे माणसे राहू शकतात. उंच इमारती बांधल्याशिवाय दाट वस्ती होत नाही, हा समज त्यांनी खोडून काढला.

आणि प्रत्येक घराला उघडे अंगण. कोरियांचे म्हणणे असे की उष्ण प्रदेशात उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा एक खोलीच आहे. स्वयंपाक, धुणे, मुलांचा अभ्यास, रात्रीची झोप, वर्षातला बराच काळ तिथे होऊ शकते. श्रीमंताला ती असली तर शोभा, पण गरिबाला तिच्यावाचून घर अपुरे. आमच्या वाचनात आलेले सर्वांत मोलाचे वाक्य याच अर्थाचे आहे. कॅम्पातल्या खोलीत आपल्या पूर्वजांना कमी काय पडले असेल, तर भिंती नव्हेत. कमी पडली ती भिंतींबाहेरची स्वतःची जागा. ती त्यांनी दोन हात का होईना, मिळवली. ते अडाणीपण नव्हते, शहाणपण होते.

बेलापूरचे पुढे काय झाले, तेही सांगतो. तिथली कित्येक घरे मालकांनी पाडून त्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी केली आहेत. काही अंगणे स्लॅबखाली गेली आहेत. गरिबांसाठी आखलेल्या जागा बऱ्या स्थितीतल्या लोकांनी घेतल्या. कोणी म्हणेल, योजना फसली. आम्हाला तसे पूर्ण वाटत नाही. घर वाढवण्याचा हक्क कोरियांनीच दिला होता. तो लोकांनी वापरला. चौक मात्र अजून चौकच आहेत. घरे बदलली तरी मधली मोकळी जागा सगळ्यांची राहिली.

पोर्ट लुईपासून लिस्बनपर्यंत

पुढच्या काळात कोरियांचे काम सगळीकडे पसरले. भोपाळचे भारत भवन, पणजीची कला अकादमी, जयपूरचे जवाहर कला केंद्र, पुण्याची आयुका. मॉरिशसच्या वाचकांना सांगायला आनंद वाटतो की पोर्ट लुईमधले भारतीय आयुर्विमा महामंडळाचे एलआयसी सेंटरही त्यांचेच, १९८८ ते १९९२ या काळातले. आमच्या भावाने त्या इमारतीवरून कित्येकदा ये-जा केली आहे. कोणी बांधली हे त्याला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

१९८४ साली ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे सुवर्णपदक, २००६ साली पद्मविभूषण असे मान मिळाले. २०१० मध्ये लिस्बनला त्यांनी बांधलेले शांपालिमो संशोधन केंद्र सुरू झाले. ते आहे बेलेमला, जिथून १४९७ साली वास्को द गामाची जहाजे निघाली. त्या वाटेने पुढे आलेल्या अल्बुकर्कने १५०७ साली मस्कत जाळले आणि १५१० साली गोवा जिंकला. मस्कतच्या खाडीवर पोर्तुगीजांचे जलाली आणि मिरानी हे किल्ले आम्ही रोज पाहतो. पाचशे वर्षांनी गोव्याच्या घराण्यातला माणूस त्याच धक्क्यावर जाऊन रुग्णांसाठी बागा, सावली आणि समुद्राकडे जाणारी वाट आखतो. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या लेखसंग्रहाच्या नावाचा अर्थही ‘सावलीतली जागा’ असाच आहे. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शेवटी आपल्या घराविषयी

ओमानमध्ये ‘कॅम्प’ हा शब्द अजून रोज कानावर पडतो. दिवसभर उन्हात इमारती बांधणारे आपल्याकडचे कामगार संध्याकाळी बसने लेबर कॅम्पावर परततात. सुट्टीच्या दिवशी मत्राहच्या समुद्रकाठी ते ओळीने बसलेले दिसतात. वारा घेत, घरी फोन लावत. आपल्या पूर्वजांना लागू असलेला शब्द दुसऱ्या कोणाला लागू होताना ऐकला की आमचे मन थबकते. समुद्रकाठचा तो कठडाच त्यांची ओटी. माणूस कुठेही नेऊन ठेवा, तो आधी भाकरी शोधतो आणि मग बसायला सावलीतली जागा.

भावाशी पुन्हा बोलणे झाले. आम्ही जुने घर ठेव म्हटले नाही. कांचनजंगाचे चित्र दाखवले, ट्यूब हाऊसचा छेद कागदावर काढून पाठवला आणि एवढेच विचारले की पुढच्या बाजूची स्लॅब आठ फूट मागे घेता येईल का. पहिल्यांदा तो चिडला. एक खोली लहान होते, असे म्हणाला. मग वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “ताई, धुणे वाळत घालायला आणि बसायला मलाही जागा पाहिजेच होती. मला कोणी विचारलेच नाही.” नव्या नकाशात आता समोर छताची ओटी आहे, तिच्यापुढे लहानसे उघडे अंगण आहे आणि मध्ये तुळस. फरशी आहे, सारवावे लागणार नाही. वरच्या खोलीच्या भिंतीत, छताखाली, गरम हवा जायला झडपा आहेत आणि वादळात त्या घट्ट बंद होतात.

घर कसे बांधावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. वाचकांना एवढीच विनंती की आपले जुने घर पाडण्याआधी एक दिवस त्यात बसून बघा. सकाळी सावली कुठे पडते, दुपारी वारा कुठून येतो, संध्याकाळी आजी कुठे बसायची. ते कागदावर लिहून काढा आणि नवे घर बांधणाऱ्याच्या हातात द्या. घरातल्या बायकांना विचारा. आपल्या माणसांनी बोटीतून फार सामान आणले नव्हते. सावली कशी धरायची एवढे मात्र ते बरोबर घेऊन आले होते, आणि ते अजून उपयोगी पडते.

पुढच्या आठवड्यात वर्गात पुन्हा घराचे चित्र काढायला सांगणार आहोत. या वेळी आधी उदबत्ती लावून दाखवू.